भास थांबले, पण डोकं का चालत नाही? स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि आकलनक्षमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुभंकरांच्या बैठकीत, ओपीडीच्या बाकावर आणि रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शुभार्थी म्हणजे आजार असलेली व्यक्ती आणि शुभंकर म्हणजे तिला सांभाळणारे घरचे. महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांत रुळलेले हेच शब्द इथे वापरले आहेत. औषधांबद्दलची माहिती डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावी म्हणून दिली आहे, घरच्या घरी डोस बदलण्यासाठी नाही.

१. मुलाचे भास आणि संशय थांबून वर्ष झालं. तरी सांगितलेली कामं अर्धवट करतो. हा आळस नाही का?

बहुतेक वेळा नाही. स्किझोफ्रेनियाला तीन बाजू असतात. पहिली भास, संशय, असंबद्ध बोलणं यांची. तिने घर हादरतं, आणि गोळ्यांनी तीच सगळ्यांत आधी आटोक्यात येते. दुसरी बाजू म्हणजे उमेद, बोलणं आणि चेहऱ्यावरचे भाव ओसरणं. तिसरी बाजू लक्ष, स्मरण आणि नियोजन यांची. हे पान तिच्याबद्दल आहे.

एका आईंनी मुलाला सांगितलं, "दळण टाक, येताना दूध आण आणि बाबांच्या गोळ्या आल्यात का ते मेडिकलमध्ये विचार." मुलगा घरी आला तेव्हा एका हातात दुधाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात गव्हाचा डबा, जसाच्या तसा. जाता-येता दोनदा तो गिरणीवरूनच गेला होता. आईंना वाटलं, मुद्दाम करतो. पण तीन कामं ऐकणं, क्रमाने डोक्यात धरणं आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तरी ती निसटू न देणं, यासाठी जी तात्पुरती स्मृती लागते तीच या आजारात तोकडी पडते.

आळस ओळखायची एक ढोबळ खूण आहे. आळशी माणूस आवडीचं काम चोख करतो. इथे मॅच बघताना, सिनेमाची गोष्ट सांगतानासुद्धा धागा सुटतो. कशातच मन लागत नसेल तर दुसऱ्या बाजूचा किंवा डिप्रेशनचा विचार करावा लागतो. दोन्ही एकत्र असणंही नेहमीचंच.

२. आकलनक्षमता म्हणजे नेमकं काय काय? फक्त स्मरणशक्ती का?

नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनियासाठी मॅट्रिक्स नावाचा चाचणीसंच तयार झाला. त्यात सात क्षेत्रं मोजतात: विचारांचा वेग, टिकून राहणारं लक्ष, तात्पुरती स्मृती, ऐकलेलं लक्षात ठेवणं, पाहिलेलं लक्षात ठेवणं, अडचणीतून मार्ग काढणं आणि समोरच्याचं मन ओळखणं.

घरच्यांना यातलं 'विसरतो' एवढंच दिसतं. खरं तर पुष्कळदा गोष्ट विसरलेली नसते, ती आत गेलेलीच नसते. बोलण्याचा वेग जास्त होता, टीव्ही चालू होता, मधलं वाक्य पोचलंच नाही. म्हणून वेगाकडे आधी लक्ष द्यावं. हळू आणि तुटक बोललं की 'स्मरणशक्ती' सुधारल्यासारखी वाटते.

३. हे मतिमंदत्व आहे का?

नाही. बौद्धिक अक्षमता वाढीच्या वयापासूनच असते. इथे शिकलेला, कमावता माणूस आजारानंतर काही बाबतींत मागे पडतो, बाकी बऱ्याच गोष्टी शाबूत असतात. शब्दसंग्रह आणि जुनं पाठांतर तर आश्चर्य वाटावं इतकं टिकतं. त्यामुळेच लोक म्हणतात, "मनाचे श्लोक घडाघडा म्हणतो, मग लाईटबिल भरायचं कसं विसरतो?" अपंगत्वाच्या दाखल्यातही दोन्हींचे प्रवर्ग वेगळे आहेत (प्रश्न १६).

४. किती जणांना हा त्रास होतो? दोन्ही आजारांत सारखाच का?

स्किझोफ्रेनियात बहुसंख्यांना, कमी-अधिक प्रमाणात. १९९८ साली हाइनरिक्स आणि झाकझानिस यांनी २०४ अभ्यासांची गोळाबेरीज केली. तेव्हा सगळ्यांत मोठी तूट ऐकलेलं लक्षात ठेवण्यात दिसली. पुढच्या अभ्यासांत हेही दिसलं की पहिल्याच झटक्याच्या वेळी तूट बऱ्यापैकी असते, म्हणजे ती वर्षानुवर्षं आजारी राहिल्याने आलेली नसते. सरासरी तूट साधारण एका 'प्रमाण विचलना'ची किंवा थोडी जास्त. सोप्या भाषेत, त्याच वयाच्या शंभर जणांना ओळीत उभं केलं तर सुमारे चौऱ्याऐंशी जण पुढे असतील.

बायपोलरमध्ये तूट त्याच प्रकारची, पण कमी असते, आणि माणसामाणसांत फरक फार. काहींच्या चाचण्या अगदी नॉर्मल येतात. काहींना मात्र मॅनिया (म्हणजे अति उत्साहाचा झटका) नाही, डिप्रेशन नाही, अशा मधल्या शांत काळातही वेग, शब्दांची स्मृती आणि नियोजन यांत अडचण येते. ज्यांना भास-भ्रमांसह मॅनिया झालेला असतो, झटके जास्त झालेले असतात, त्यांच्यात ती सरासरीने अधिक दिसते. शिवाय हा 'शांत काळ' खरंच शांत आहे का तेही तपासावं. डिप्रेशनची बारीकशी शिल्लक राहिली तरी डोकं जड चालतं.

५. हे आजारामुळे की गोळ्यांमुळे? सरळ उत्तर द्या.

मूळ आजारामुळे. गोळ्यांनी त्यात भर पडू शकते, आणि ही भर बरेचदा कमी करता येते.

पहिल्या वाक्याला इतिहासाचा आधार आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या १८९९ च्या आवृत्तीत हे दोन आजार वेगळे मांडले, तेव्हा आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्याला त्यांनी अकाली बुद्धिऱ्हास अशा अर्थाचं नाव दिलं होतं. पहिलं आधुनिक औषध, क्लोरप्रोमाझिन, मनोविकारांसाठी पॅरिसमध्ये वापरलं गेलं ते १९५२ साली. गोळ्या येण्याच्या अर्धशतक आधी डॉक्टरांना ही मंदावलेली विचारशक्ती दिसत होती. पुढे आलेल्या 'नव्या' गोळ्या बुद्धीला तरतरी देतील अशी मोठी आशा होती. अमेरिकेतल्या केटी नावाच्या मोठ्या चाचणीचे २००७ मधले निष्कर्ष सांगतात की सगळ्याच गटांत थोडीशी सुधारणा झाली, आणि नव्या-जुन्या औषधांत त्या बाबतीत फरक दिसला नाही.

आता भर. कंप आणि कडकपणासाठी दिलेली गोळी (प्रश्न ६), झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, गरजेपेक्षा मोठा डोस, एकाच वेळी दोन-तीन अँटिसायकॉटिक्स (भास-संशयावरची औषधं), ही नेहमीची कारणं. टोपिरामेट चालू असेल तर शब्द तोंडावर येऊन अडकतात. व्हॅलप्रोएटने क्वचित रक्तातला अमोनिया वाढून सुस्ती येते. म्हणून दर काही महिन्यांनी सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता. मधुमेहाच्या, ॲसिडिटीच्या, सर्दीच्या, आयुर्वेदिक, सगळ्या. आणि विचारा, "यातलं आता काय नको आहे?"

हे वाचून अँटिसायकॉटिक किंवा मूडची गोळी स्वतःच बंद करू नका. नवा झटका आला तर जे जातं ते परत मिळवायला फार दिवस लागतात.

६. पॅसिटेन किती वर्षं घ्यायची? आमच्याकडे आठ वर्षं चालू आहे.

हा प्रश्न यावा आणि आणखी यावा असं मला वाटतं. पॅसिटेन म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल. अँटिसायकॉटिकमुळे हात थरथरणं, अंग कडक होणं, मान वाकडी होणं यांवर ती उत्तम काम करते. पण ती मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या रसायनाला अडवते, आणि स्मरणाला तेच रसायन लागतं. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, धूसर दिसणं आणि विसराळूपणा एकत्र असतील तर संशय इथेच घ्यावा.

सुरुवातीच्या आठवड्यांत दिलेली ही गोळी पुढे चिठ्ठीवरून चिठ्ठीवर तशीच उतरत जाते. बऱ्याच जणांना काही महिन्यांनी तिची गरज उरत नाही, किंवा मूळ औषधाचा डोस कमी केला की उरत नाही. थांबवायची ती मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. एकदम बंद केली तर कडकपणा आणि बेचैनी उसळते. असंच अडवण्याचं काम करणारी आणखी औषधं चालू असतील, जसं ॲमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन किंवा लघवी रोखण्याचं ऑक्सिब्युटिनिन, तर बेरीज होते. क्लोझापिनमध्येही हा गुण आहे, पण जिथे तिच्याशिवाय आजार आवरत नाही तिथे तिला पर्याय नाही. अशा वेळी बाकीची बेरीज कमी करावी.

७. मला बायपोलर आहे. लिथियम सुरू झाल्यापासून मी मठ्ठ झाले असं वाटतं. सोडू का?

सोडू नका, तपासा. लिथियमने विचारांचा वेग आणि शब्दांची स्मृती थोडी उतरू शकते हे खरं आहे. पण त्याआधी तीन गोष्टी बघायच्या. रक्तातली पातळी, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतलेली. देखभालीच्या काळात ०.६ ते ०.८ च्या आसपास पुष्कळांचं भागतं, त्यामुळे पातळी वरच्या टोकाला असेल तर डोसवर बोलता येतं. दुसरं थायरॉइड. लिथियमने ते मंदावू शकतं, आणि मंद थायरॉइडचा माणूस अगदी तुम्ही म्हणता तसाच दिसतो. तिसरं, कशाशी तुलना होते आहे? हलक्या मॅनियातलं सुसाट डोकं हा मोजायचा आधार नाही. त्या काळात कामं भराभर सुरू झाली, पण पुरी किती झाली, ते घरच्यांना विचारा.

हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब आणि गोंधळ ही पातळी विषारी झाल्याची लक्षणं आहेत. त्याच दिवशी दवाखाना गाठा. विदर्भातला उन्हाळा, निर्जळी उपवास, जुलाब आणि डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या ही पातळी वाढवतात.

८. शॉक दिले म्हणून स्मरणशक्ती गेली का?

ईसीटीनंतर (विजेच्या शॉकचं वैद्यकीय नाव) काही दिवस गोंधळ आणि विसराळूपणा होतोच. डिप्रेशनच्या रुग्णांवरच्या अभ्यासांची २०१० मधली गोळाबेरीज सांगते की चाचण्यांतली घसरण मुख्यतः पहिल्या तीन दिवसांत दिसते आणि साधारण पंधरा दिवसांनी बरीच कामगिरी आधीपेक्षा बरी असते, कारण आजार उतरलेला असतो. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. उपचाराच्या आसपासच्या आठवड्या-महिन्यांतल्या काही आठवणी, एखादं लग्न, एखादी सहल, काहींच्या बाबतीत परत येत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यास बंदी आहे.

९. दहावीला बोर्डात आला होता हो! आजाराआधी काही कळत नाही का?

इथे दोन आजारांच्या वाटा वेगळ्या होतात. पुढे ज्यांना स्किझोफ्रेनिया झाला त्यांची लहानपणीची बुद्धिमापन चाचणी सरासरीने थोडी कमी भरते. ही सरासरी आहे, तुमचा मुलगा नव्हे. हुशार मुलांनाही हा आजार होतो, आणि त्यांची पडझड डोळ्यांत जास्त भरते. चाचणीत ते 'सरासरी' येतात, म्हणून कुणी म्हणतं तूट नाही. पूर्वीच्या मानाने असते.

बायपोलरमध्ये आजाराआधीची बुद्धी सहसा कमी नसते. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरच्या २०१० च्या अभ्यासात सोळाव्या वर्षी सर्वोत्तम गुण मिळवणाऱ्यांत पुढे बायपोलर होण्याचा धोका मधल्या गुणांच्या मुलांपेक्षा जवळजवळ चौपट निघाला. तरी तो आजार एकूण क्वचितच होतो, त्यामुळे मेरिटच्या मुलांच्या पालकांनी धास्तावू नये.

१०. हे वाढतच जाणार का? पुढे अल्झायमर?

स्किझोफ्रेनियात मोठी घसरण झटक्याच्या आधी आणि आसपास होते. नंतर पुष्कळांत ती वर्षानुवर्षं बऱ्यापैकी एका जागी राहते. म्हातारपणी डिमेन्शियाचा धोका मात्र दोन्ही आजारांत वाढलेला आहे. बायपोलरसाठी २०१७ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात तो सुमारे २.४ पट दिसला. वाढलेला धोका म्हणजे ठरलेलं भवितव्य नाही. त्यातला बराच भाग मधुमेह, रक्तदाब, वजन, तंबाखू आणि दारूच्या वाटेने येतो, आणि त्या वाटा आपल्याकडे गावच्या डॉक्टरकडेही अडवता येतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ साली लिथियम घेणाऱ्यांत डिमेन्शिया कमी आढळल्याचं मांडलं. ते निरीक्षण आहे, पुरावा म्हणून पक्कं नाही, पण लिथियमला घाबरणाऱ्यांनी (प्रश्न ७) ऐकून ठेवावं.

११. तपासणी कशी आणि कुठे करायची? एमआरआय काढू का?

एमआरआयमधून लक्ष आणि स्मरण मोजता येत नाही. तो दुसरं काही तर नाही ना हे बघण्यासाठी असतो (प्रश्न १७). वृद्धांसाठीची तीस गुणांची छोटी चाचणीही इथे पुरत नाही. आमच्याकडचा तरुण तीसपैकी एकोणतीस गुण घेतो आणि नोकरी टिकवू शकत नाही.

हवी ती मानसशास्त्रज्ञांकडून न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००४ साली तयार केलेल्या चाचणीसंचाला आपल्याकडच्या शिक्षणाच्या पातळीनुसार निकष आहेत. हे महत्त्वाचं, कारण सातवी शिकलेल्या बाईला इंग्रजी निकष लावले तर ती उगाच नापास होते. चाचणी मातृभाषेत व्हावी. ती झटक्याच्या भरात, औषध बदलल्याच्या आठवड्यात किंवा रात्रभर जागरण झाल्यावर करू नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि गोव्यात बांबोळीचं आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय इथे चौकशी करा. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखर बघून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं फार सर्रास आहे, आणि ते भरून काढता येतं. जोरात घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेतल्या श्वासरोधाचं नाव डॉक्टरांजवळ काढा.

१२. तो म्हणतो मला काही झालेलं नाही. पत्नी म्हणते माझं सगळं संपलं. कुणाचं खरं मानू?

दोघांचंही चाचणीशी जुळेलच असं नाही. स्किझोफ्रेनियात स्वतःची तूट जाणवतच नाही असं पुष्कळदा होतं. बायपोलरमध्ये डिप्रेशनची शिल्लक असेल तर तक्रार चाचणीपेक्षा मोठी असते. म्हणून रोजच्या व्यवहारातली उदाहरणं लिहून न्या: गॅस चालू राहिला, रिक्षात पिशवी राहिली, हिशेब चुकला, केव्हा आणि कितीदा. डॉक्टरांना "फार विसरतो" यापेक्षा या अर्ध्या पानाचा उपयोग जास्त होतो.

१३. यावर गोळी आहे का? नवं काही आलं आहे का?

आकलनक्षमतेसाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. आयक्लेपर्टिन नावाच्या गोळीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. जानेवारी २०२५ मध्ये तिच्या शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्या अपयशी ठरल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन-ट्रोस्पियम हे वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध मंजूर झालं, पण ते स्किझोफ्रेनियासाठी, आकलनक्षमतेसाठी म्हणून नव्हे.

अल्झायमरच्या गोळ्या किंवा जागं ठेवणाऱ्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. जागं ठेवणाऱ्या आणि उत्तेजक औषधांनी मॅनिया किंवा भास उसळू शकतात.

ब्राह्मी, शंखपुष्पी, बदाम यांबद्दल रोज विचारणा होते. बदाम खा, छानच आहेत. अश्वगंधेवर बायपोलरमध्ये २०१३ साली आठ आठवड्यांची एक छोटी अमेरिकन चाचणी झाली आणि काही कसोट्यांत सुधारणा दिसली. एवढ्यावर भरवसा ठेवण्याजोगं नाही, आणि अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वर जाऊ शकते. बिनलेबलच्या 'मेमरी पावडरी' आणि भस्मं तर नकोतच, त्यांत शिसं आढळल्याची उदाहरणं आहेत.

१४. मग उपाय काय? नुसतं सहन करायचं?

नाही. उपायाचं नाव आहे आकलन पुनर्वसन. संगणकावर किंवा कागदावर सराव, सोबत थेरपिस्ट, युक्त्या शिकणं आणि त्या युक्त्या घरी-कामावर वापरून बघणं. २०२१ साली स्किझोफ्रेनियावरचे १३० अभ्यास आणि ८,८५१ लोक एकत्र घेऊन तपासणी झाली. फायदा ठाम निघाला, पण आकाराने लहान ते मध्यम. ज्यात थेरपिस्ट सक्रिय होता आणि सराव रोजच्या जगण्याशी जोडला होता, तिथे तो जास्त.

म्हणूनच मोबाईलवरच्या ब्रेन गेमबद्दल माझं मत थंड आहे. सुडोकू खेळून सुडोकू सुधारतो. वेळ बरा जात असेल तर खेळू द्या, पण त्याच्या वर्गणीवर पैसे घालवू नका.

प्रत्येक तालुक्यात थेरपिस्ट कुठून आणणार, हा पुढचा प्रश्न. निम्हान्समध्ये पहिल्या झटक्याच्या रुग्णांसाठी घरी करायच्या सरावाचा कार्यक्रम तपासला गेला, २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. घरचे मदतीला घेऊन साध्या कागदी कामांनी सराव करता येतो हे त्यातून दिसलं. धान्य निवडून वेगळं करणं, वर्तमानपत्रातलं एक ठरावीक अक्षर शोधून गोल करणं, अशी कामं यासाठी चालतात. जवळच्या मानसशास्त्रज्ञांकडून पातळी ठरवून घ्या, नाहीतर फार सोपं किंवा फार अवघड होतं.

बायपोलरसाठी बार्सिलोनाच्या गटाने २०१३ साली २१ साप्ताहिक सत्रांचा कार्यक्रम २३९ जणांवर तपासला. गंमत अशी की चाचण्यांचे गुण विशेष हलले नाहीत, पण रोजचं जगणं सुधारलं: कामं, व्यवहार, नाती. मला विचाराल तर हवं ते हेच.

व्यायामही औषधाइतकाच गंभीरपणे घ्या. दम लागेल अशा व्यायामाने स्किझोफ्रेनियात आकलनक्षमता सुधारते हे २०१७ च्या विश्लेषणात दिसलं, आणि कुणी देखरेख करत असेल तर जास्त. त्याच वर्षी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या चाचणीत योगासनं आणि व्यायाम या दोन्हींनी लक्षाच्या काही कसोट्यांत फायदा झाला. "जा, फिरून ये" म्हणण्यापेक्षा चपला घालून सोबत निघा.

१५. घरी नेमकं काय बदलू? आणि चारचौघांत विचित्र बोलतो त्याचं काय?

एका वेळी एकच काम सांगा, आणि त्याच्याकडून ते म्हणवून घ्या. "काय सांगितलं होतं मी?" अशी परीक्षा घेऊ नका. चुकलेलं उत्तरही डोक्यात पक्कं बसतं. त्यापेक्षा सुरुवातीला बरोबर पायऱ्या दाखवा, सोबत करा आणि मदत हळूहळू काढून घ्या. किल्ली, पाकीट, मोबाईल यांना दारामागे एकच खुंटी आणि एकच टोपली. कालनिर्णयच्या चौकोनात गॅस, इंजेक्शनची तारीख, दुधाचा हिशेब त्याच्याच हाताने लिहवून घ्या. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी. स्वयंपाक करताना उपकरणाचा नाही तर फोनचा गजर लावायचा आणि फोन खिशात ठेवायचा.

चारचौघांतल्या बोलण्याचा संबंध सातव्या क्षेत्राशी आहे (प्रश्न २). आत्याबाईंचा टोमणा कौतुक वाटतो, थट्टा अपमान वाटते, चेहऱ्यावरचा कंटाळा दिसत नाही. आपल्याकडे निम्मं बोलणं आडून चालतं, त्यामुळे ही अडचण जास्त जाणवते. घरात तरी सरळ बोला. "वा, फार लवकर उठलास" म्हणण्याऐवजी "नऊच्या आत उठ." पाहुणे गेल्यावर शांतपणे विचारा, "काका काय म्हणत होते असं तुला वाटलं?" आणि आणखी एक शक्यता दाखवून द्या.

१६. नोकरी, परीक्षा, दाखला: काही सवलत मिळते का?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. दाखला आयडियाज नावाच्या मापनपट्टीने दिला जातो. त्यात स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद-आकलन आणि काम अशी चार क्षेत्रं आणि आजाराचा काळ धरतात. सवलतींसाठी सहसा ४० टक्के लागतात, अर्ज यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवरून. इथली मेख अशी की पट्टी स्मरणशक्ती थेट मोजत नाही. "भास थांबले, आता बरा आहे" एवढंच मंडळासमोर सांगितलं तर टक्के कमी लागतात. प्रश्न १२ मधलं अर्धं पान इथेही न्या.

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कारणाने काढून टाकता येत नाही किंवा पदावनती करता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. कलम २० पाहा. खासगी कंपनीवर हे बंधन नाही, तिथे बरेचदा समजुतीने मार्ग काढावा लागतो: सूचना तोंडी न देता लेखी, शांत जागा, रात्रपाळी नको. रात्रपाळी बायपोलरमध्ये तर मुळातच घातक. परीक्षेसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळेची तरतूद आहे. मंडळाकडे, विद्यापीठाकडे अर्ज वेळेआधी करा.

१७. आमचं प्रकरण जरा वेगळं आहे...

असे निरोप बरेच येतात. त्यातले नेहमीचे तीन प्रकार:

*पहिलाच मॅनिया पन्नाशी-साठीत, आणि सोबत वागण्यातला बदल.* हे आधी बायपोलर समजू नये. थायरॉइड, पक्षाघात, स्टिरॉइडच्या गोळ्या, आणि ज्यात स्मरणाआधी स्वभाव बदलतो असा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, हे सगळं तपासावं. न्यूरॉलॉजिस्टकडे जा. एमआरआय इथे खरोखर हवा.

*सिगारेट सोडली आणि माणूस झोपाळू, सुस्त झाला.* क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू आहे का? सिगारेटच्या धुरामुळे यकृत ही औषधं लवकर संपवतं. धूर बंद झाला की तोच डोस जास्त पडतो. डॉक्टरांना सिगारेट सोडण्याच्या आधीच कळवा. मशेरी, गुटखा, चघळायच्या तंबाखूचा हा परिणाम होत नाही (त्याचे बाकीचे आहेतच).

*दोन दिवसांत अचानक गोंधळ: वेळ-जागा कळत नाही, कधी जागा कधी ग्लानीत.* या पानावरची तूट अशी रात्रीत येत नाही. ताप, अंग ताठ होणं, घाम, लिथियमची पातळी, जंतुसंसर्ग, डोक्याला मार, दारू एकदम बंद होणं यांपैकी काही असू शकतं. मनोविकारतज्ज्ञांच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. तातडीचं नसेल आणि कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.